मेमरीतून न उतरणारं पान

३ जून, सोमवार
आजपासून कामावर. भाऊजी या विभागाचे साहेब. त्यांनी शब्द टाकला म्हणून ह्यांचीच जागा मिळाली. खिडकीजवळची, तीच खुर्ची. हे याच खुर्चीत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. बसताना भीती नाही, सोबत वाटली. आमच्या घराची काळजी माझ्यापेक्षा भाऊजींनाच जास्त. विम्याला लागेल म्हणून माझ्या छकुलीची माहितीही त्यांनी भरून घेतली. सख्खा काका असावा तर असा.

४ जून
डेटाबेस सर्व्हरची मेमरी जवळपास भरलेली दिसली. शेजारचा नेटवर्कवाला म्हणाला, घाबरू नका, हा घरजावई आहे. वाढाल तेवढं घेतो आणि पानावरून उठत नाही. खरं आहे. लग्नाआधी मी हेच काम करत होते. डिस्कवरून वाचलेली माहितीची पानं सर्व्हर मेमरीत धरून ठेवतो, पुन्हा लागली तर चटकन मिळावीत म्हणून. जागा कमी पडली की कोणी न मागितलेली पानं सोडतो. सतत मागितलं जाणारं तेवढं टिकतं. याला मेमरीची गळती म्हणत नाहीत.

७ जून
सकाळपासून उचकी. नेटवर्कवाला हसला, कोणीतरी फारच आठवण काढतंय म्हणे. ह्यांनाही जाण्याच्या आदल्या रात्री घरी अशीच लागली होती. बरोबर माणसाचं नाव घेतलं की थांबते, म्हणून आम्ही आत्यापासून जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. भाऊजींचं घ्यायचं सुचलंच नाही. ते समोरच बसले होते, पाण्याचा पेला धरून.

१० जून
एक पान मेमरीतून उतरत नाही. जेवणाच्या सुट्टीत परवानगी घेऊन सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मेमरी रिकामी. सगळ्यात आधी तेच पान परत आलं. त्यावर माझ्या नावाची नोंद. कोणीतरी ती सारखी वाचतंय, आणि माझी उचकी त्याच ठेक्यात.
लॉगिन भाऊजींचं आहे.
नोंद तयार झाली ती ह्यांना निरोप दिला त्या दिवशी. मी भाऊजींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. त्यांच्या हातात फोन होता.

११ जून
भाऊजींसमोर उभी राहिले. मोठ्याने त्यांचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. माझी उचकी थांबली. त्यांना लागली.
त्यांनी काही नाकारलं नाही. ही उचकी मुळात त्यांचीच. नोंदीत दुसऱ्याचं नाव दिलं की सुटते. आधी भावाचं दिलं, मग माझं.
"या उचकीला कोणीतरी लागतंच, वहिनी. मलाही मुलंबाळं आहेत."
आणि पेला उचलून पाणी प्यायले.

१२ जून
भाऊजी आज ठणठणीत. हसून बोलले.
छकुलीचा शाळेतून फोन. बोलता बोलता उचकी — आई, कोण गं माझी आठवण काढतंय —
मेमरीत तिचं पान.

१३ जून
तिची नोंद पुसते. परत येते. पुसते —
एकच उपाय. माझ्या नोंदीच्या प्रती करत सुटले, सगळ्या सर्व्हरला सतत वाचायला लावल्या. मेमरी काठोकाठ मी. तिचं पान उतरलं.
फोन केला. थांबली म्हणाली.
आता मला — श्वास मध्येच —
भाऊजी दारात. हातात पेला —
छकुले, काकांनी तुझं नाव कुठे भरायला मागितलं, तर