लाचार करणे : अर्थ आणि वाक्यात उपयोग

हसनाबाद, ता. भोकरदन
६ जानेवारी २०२५

चि. कल्याणला अक्काचे आशीर्वाद.

फोन असताना अक्का पत्र का लिहून राह्यली, असं वाटंल तुला. तुझे दाजी समोरच्या खाटेवर असतात. दिवाळीत झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, पण कान बराबर आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल फोनवर काय बोलू? म्हणून हा कागद.

भोकरदनहून सुमेधा मॅडम येतात, व्यायाम करून घ्यायला. काठी देऊन ह्यांना अंगणापर्यंत चालवतात. परवा मी दुधात भाकर कुस्करून चमच्यानं भरवत होते, ती उभी राहून बघत होती. जाताना मला म्हणाली की मावशी, तुम्हीच यांना लाचार करून ठेवलंय.

आता सांग, उजवा हात गेला, मंग माणसानं डाव्या हातानं जेवायचं का? आपल्यात आजारी माणसाला हात हलवू दिला तर घरच्या बाईचं काय राहातं? दोन महिन्यांत मी त्यांना तांब्यासुद्धा उचलू दिला न्हाई. गल्लीतल्या बाया माझं नाव घेतात. आन ही कालची पोरगी म्हणते, लाचार!

तू शाळेत संस्कृत शिकवतोस. त्या शब्दाचा बिलकुल खरा अर्थ लिहून पाठव. तिच्यापुढं कागदच धरणार आहे मी.

वंदनाला आशीर्वाद. माया आहे तेवढी आहे. उत्तराला उशीर केलास तर कमी होईल.

तुझी अक्का,
दैवशाला

जुना जालना
११ जानेवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत, परीक्षा जवळ नसताना शब्दाचा अर्थ विचारणारी तू पहिली. गुण देण्याची सोय नाही म्हणून वाईट वाटतं.

आधी कबुली देतो. हा शब्द माझ्या हद्दीतला नाही. फारशीकडून निजामाच्या कचेऱ्यांत आला आणि तुझ्या सासरच्या पाहुण्यांसारखा परत गेलाच नाही. 'ला' म्हणजे नाही, 'चारा' म्हणजे उपाय. (गोठ्यातला नव्हे.) ज्याच्यापुढे काही उपाय उरला नाही, तो लाचार. संस्कृतात त्याचे सोयरे आहेत. हतबल करायला शत्रू लागतो, आधी बळ मोडावं लागतं. विवश तर साधा पूरही करतो. लाचार करायला मात्र मारहाण लागत नाही. समोरच्याचे उपाय एकेक करून काढून घेतले, की झालं.

वाक्यात उपयोग: खेटे मारायला लावून कचेरीने म्हातारीला लाचार केलं. दुसरा उपयोग: भावकीने विधवेला लाचार केलं. तिसरं वाक्य मी तुझ्या बाजूने लिहायला बसलो. 'मायेने लाचार केलं' हे वाक्य होऊच शकत नाही, असं ठणकावून लिहिणार होतो. लिहून पाहिलं आणि ते वाक्य झालं. खोडावंसं वाटलं, पण सव्वीस वर्षं मुलांच्या चुका खोडतोय, बरोबर लिहिलेलं खोडण्याची सवय नाही.

रागाव, पण माझ्यावर. मॅडम लहान आहे. फक्त एक कर. ती उभी राहून बघत होती, असं तू लिहितेस. कुठे बघत होती? भरवताना तू दाजींच्या तोंडाकडे बघतेस. ती बहुतेक दुसरीकडे बघत असावी. एकदा हाताकडे बघ.

वंदनाचा नमस्कार. राग उतरेपर्यंत तरी लोभ राखून ठेवावा.

तुझा आगाऊ भाऊ,
कल्याण

हसनाबाद
२० जानेवारी २०२५

चि. कल्याणला आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर रागावले. पाचव्या दिवशी बघितलं.

जेवताना सांडू नये म्हणून त्यांच्या उजव्या हातावर मी टॉवेल टाकत असते. तो काढला. चमचा तोंडाशी नेला तशी त्यांची बोटं जवळ आली, अंगठ्याला टेकली, गोधडीवरून एवढासा हात वर आला आन परत खाली गेला. मला वाटलं थरथर असंल. दुसऱ्या चमच्याला परत तेच. तिसऱ्याला परत. एकोणीस घास भरवले, एकोणीस वेळा हात उठला.

कल्याण, तो माणूस भाकर मोडून राह्यला होता. मी भरवत होते आन तो टॉवेलखाली आपल्या हातानं जेवत होता. कोण जाणे किती दिवसांपासून! माझ्या अंगावर काटाच आला. देवापुढं बसल्यावर येतो तसा.

मॅडमला तुझा कागद दाखवला न्हाई. चहा केला. ती म्हणाली की आता ताट समोर ठेवायचं, डावा हात लागला तर लागू द्यायचा, आन मावशींनी मधी पडायचं न्हाई. कल्याण, मला भीती वाटते. जमलं न्हाई तर? आज निदान ही भरवते म्हणून मी आपल्या हातानं जेवत न्हाई, असं त्यांना मनात म्हणता येतं. ताट समोर ठेवलं आन हात उठलाच न्हाई, तर त्यांच्याजवळ काय उरलं? मी तर अजून ताट ठेवलं न्हाई.

तू ये. माया सगळी परत दिली आहे.

अक्का

जुना जालना
२३ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

टॉवेलखाली जे चाललं होतं त्याला काय म्हणावं, म्हणून दोन कोश काढले. दोन्ही परत ठेवले. वर्गात आज मुलांना काही शिकवलं नाही, नुसतं वाचायला सांगितलं.

रविवारी शाळेतलं झेंडावंदन आटोपलं की मिळेल त्या गाडीने येतो. माझ्यासमोर ताट ठेव. हात उठला नाही तर दोष माझा, गावाला खुशाल माझं नाव सांग.

कल्याण

जुना जालना
२७ जानेवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी कल्याणचा साष्टांग नमस्कार. या वेळी 'शि. सा. न.' असं आखडून लिहावंसं वाटेना.

सुखरूप पोचलो. काल जे झालं ते तुलाही माहीत आहे; पण तू दाजींकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे, म्हणून लिहितो.

ताट ठेवून तू दोन्ही हात पदरात गुंडाळून बसलीस. डाव्या हाताने त्यांनी भाकरी दाबली, उजव्याची बोटं काठावर टेकवली. निसटली. परत टेकवली. वाटी कलंडली, दूध सतरंजीवर गेलं. तू हललीस नाहीस. तुझ्या पदराखाली मात्र बोटं चालली होती, अक्का. त्यांच्या प्रत्येक प्रयत्नाला तुझी बोटं आत भाकरी मोडत होती. अर्धा तास हे असं.

मग तुकडा मोडला. बोराएवढा. अर्धा दाढीवर राहिला, अर्धा तोंडात गेला. दाजी कोणाकडेही न बघता चावत राहिले, अन्न पहिल्यांदा चाखल्यासारखे.

एवढ्यावर मी पोट भरून उठलो होतो. पण निघताना त्यांनी खुणेने खुंटीवरचा सदरा मागितला, मला दारापर्यंत पोचवायला. गुंड्या स्वतः लावल्या, सगळ्या एक घर चुकून. सदरा एका बाजूने वर, एका बाजूने खाली. समोरच्या घरचे तातेराव ओट्यावर बसलेले. ज्या बाईने नवऱ्याला कधी चुणी पडलेल्या धोतरात बाहेर जाऊ दिलं नाही, ती तू अर्धवट उठलीस आणि परत खाली बसलीस. आणि आपले दाजी, बद्रीनाथ पाटील, त्या वाकड्या सदऱ्यात, काठी टेकत, ताठ मानेने सगळ्या गल्लीसमोर उभे राहिले.

गाडी जालन्याला पोचेपर्यंत मी डोळे मिटून तो सदरा बघत होतो. मी झोपलोय असं समजून शेजारच्या प्रवाशाने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं.

सुमेधाला माझा नमस्कार सांग, लहान असली तरी. लोभ असेल तेवढा असो. तो हातांनी दाखवू नये, एवढंच मागणं.

तुझा,
कल्याण