विहिरीचा गाळ

घाटकोपर,
गुरुवार, १६ जानेवारी १९५८

प्रिय विद्याधर,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कुणास ठाऊक. बीजगणिताची वही तपासताना माझ्या ‘र’ला तू नेहमी हसायचास, म्हणायचास की हा पाय मोडलेला बगळा आहे. ‘र’ अजून तसाच आहे. मी मात्र आता शिक्षिका आहे, इथल्याच शाळेत पाचवीच्या वर्गावर. चार वर्षं झाली. तू धरणं बांधतोस, पेपरात तुझा फोटो येतो, हे सगळं वाचत असते.

तुला सांगायचं ते आपल्या बागेबद्दल. मी परत आले तेव्हा तिला बाग म्हणायची सोय नव्हती. तुझे वडील, तात्या, गेले, त्यांच्यामागे बागेची कमिटी मोडली, आणि कुणाचं लक्ष राहिलं नाही. पश्चिमेकडचं कुंपण लोकांनी बंबात जाळलं. तबेलेवाले म्हशी आणून बांधत. फुटके माठ, राख, जुन्या गाद्यांचा कापूस, जे घरात नको ते बागेत. माळ्याच्या खोलीचं छप्पर बसलं होतं. त्या खोलीत मी जन्मले, म्हणून तिच्याकडे पाहायचं मी टाळत असे. विहीर तर काठोकाठ कचऱ्याने भरलेली. वर एरंड उगवला होता.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर मी शेजारच्या चाळीत दारोदार हिंडले. श्रमदानाचे दिवस होते, त्यामुळे लोकांना नवल वाटलं नाही. पहिल्या रविवारी दोघंच आली. एक कुंदा सहस्रबुद्धे, जिचे यजमान बँकेत आहेत आणि जिने आयुष्यात कधी फावडं धरलं नव्हतं. दुसरे सहदेव राणे, गिरणीतून निवृत्त झालेले फिटर, तुझ्या वयाच्या पोरांना लाजवतील असे. आम्ही तिघांनी दुपारपर्यंत अकरा घमेली काच वेचली. पुढच्या रविवारी नऊ जण आले, संक्रांतीला तीस. बायका डालड्याच्या डब्यांतून पाणी आणत. एकदा पहाटे कुणीतरी पाडलेल्या घराचा राडारोडा भरलेली लॉरी बागेत रिकामी करायला आणली, तर कुंदा नऊवारीचा काष्टा आवळून लॉरीपुढे खाली बसली. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, उठा, मला दुसरी खेप आहे.” ती म्हणाली, “मला नाही. मी संध्याकाळपर्यंत बसते.” लॉरी गेली. त्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावून राखण करू लागलो.

सगळे म्हणत, परबबाईंना झाडांचं वेड आहे. मी ऐकून घेत असे. खरं सांगू? मला झाडांचं काही पडलं नव्हतं. जास्वंद जगली काय, मेली काय. दीड वर्ष मी दर रविवारी कमरेत वाकले ते एका विहिरीसाठी, आणि ते त्या चांगल्या माणसांना मी कळू दिलं नाही. मी कुणाची मुलगी हेही सांगितलं नाही. बाबांच्या वेळचं फारसं कुणी तिथे उरलं नव्हतं. जे उरले होते ते बागेकडे फिरकत नव्हते.

मग गेल्या एप्रिलात सभा भरली. बहुतेकांचं मत पडलं की विहीर बुजवून टाकावी, मुलं पडतील. मी उठून वाटेल ते बोलले, पाण्याशिवाय बाग कशी, तुमच्या डालड्याच्या डब्यांवर कुठवर भागणार, कठडा आपण उंच बांधू. माझा आवाज चिरकत होता, कुंदा माझा पदर ओढून मला बसवत होती. शेवटी राणे म्हणाले, “पाणी जिता आसा काय ता तरी बघूया. उपसून बघू, मग बुजवूक कितीसो वेळ?” त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर माझं सगळं तगलं.

मे महिनाभर उपसा चालला. आधी कचरा, मग काळा गाळ. घाणीने दोघे आजारी पडले. विसाव्या दिवशी राणे स्वतः दोर बांधून उतरले आणि खालून ओरडले की लोखंड लागलंय, मोठं आहे. कप्पी लावून दहा जणांनी ओढलं. मी कठड्याला धरून उभी होते. वर आला तो पंप. राण्यांनी त्याची पितळी पट्टी चिंचेने घासली आणि नंबर वाचला. तो नंबर मला पाठ होता, विद्याधर. तक्रारीच्या कागदावर होता, आणि बाबा तो झोपेत बडबडत.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. त्रेचाळीसचा मे. लढाईमुळे लोखंडाला सोन्याचा भाव, आणि बागेतला पंप नाहीसा झालेला. कमिटीपुढे तू उभा राहिलास, एकोणीस वर्षांचा, पांढरा शर्ट घातलेला, आणि म्हणालास, “गुणाजीला मी पंप हातगाडीवर घालून स्टेशनकडे नेताना पाहिलं.” मी दाराबाहेर होते. तू जाताना माझ्या इतक्या जवळून गेलास की तुझ्या शर्टाची बाही मला लागली, पण तू पाहिलं नाहीस. आदल्याच आठवड्यात त्या विहिरीच्या कठड्यावर बसून तू मला म्हणाला होतास की नोकरी लागली की आईशी तुझ्याबद्दल बोलेन. मी सोळा वर्षांची होते. मला ते खरं वाटलं होतं.

बाबा कळवळून सांगत होते, “पंप खंय जातलो? बावीतच आसतलो. कठड्याचो दगड नवो फुटलो हा, येऊन बघा.” तुझे तात्या हसून म्हणाले, “म्हणजे पंप पोहायला गेला म्हणायचा!” सगळी कमिटी हसली. विहिरीत कुणी उतरलं नाही. बाबांना दोन दिवस चौकीत ठेवलं. परत आले तेव्हा त्यांना उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. कलमं बांधणारा हात. शिक्षा झाली नाही, पुरावा नव्हता, पण खोली सोडावी लागली आणि ‘चोर’ हा शब्द आमच्या आधी परळला पोचला. माळ्याचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. ओझी उचलायचे, एका हाताने. सहा वर्षांनी गेले. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाले, “बावीत बघ गो.” म्हणून मी घाटकोपरची नोकरी मागून घेतली.

पंप निघाल्यावर मी कठड्याशी बसून रडले आणि सगळ्यांना सगळं सांगितलं, फक्त तुझं नाव सोडून. म्हटलं, कुणीतरी खोटी साक्ष दिली होती. कुंदाने विचारलं, कुणी? मी म्हटलं, विसरले. तिचा विश्वास बसला नसावा.

पावसाळ्यात तुझा मित्र बाळ सामंत माझ्याकडे आला. स्टेशनजवळ त्याचं किराणा दुकान आहे, तुला ठाऊक असेलच. पंप निघाल्याची बातमी त्याच्या दुकानापर्यंत गेली होती. तो बसेना, पाणी घेईना. उभ्याउभ्याच म्हणाला, “रत्ना, आम्ही दोघं होतो. विद्याच्या ताईचं लग्न होतं, त्यांच्या परसातल्या विहिरीला पंप हवा होता. गुणाजी जेवायला गेलेला पाहून आम्ही तो सोडवला. कठड्यावरून फिरवताना निसटला. लढाईच्या दिवसांतला पंप, तात्या आम्हाला जिवंत ठेवते ना. मी म्हटलं, खरं सांगून टाकू. विद्या म्हणाला, गप्प बस, गुणाजीला काय, दुसरीकडे नोकरी मिळेल.”

दुसरीकडे नोकरी मिळेल. हे वाक्य मी रोज स्वयंपाक करताना म्हणते. पंप पडला, तू भ्यालास, ते वयच तसं होतं, एवढं मी समजून घेतलं असतं. अगदी खोटं बोललास तेही. पण तू इतक्या हिशेबीपणाने माझ्या बापाची किंमत केलीस, आणि नंतरच्या पंधरा वर्षांत, इंजिनिअर झाल्यावर, तात्या गेल्यावर, कुणाची भीती उरली नसतानाही, तुला एकदाही दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत.

आता पत्राचं कारण. सव्वीस तारखेला, रविवारी, बाग सगळ्यांसाठी खुली होणार आहे. कुंदाच्या सहीचं निमंत्रण तुला आलं, आणि ‘बालपणीच्या बागेत प्रमुख पाहुणा म्हणून येण्यात मला धन्यता वाटते’ असं तुझं उत्तरही आम्हाला पोचलं. तुझं नाव मी सुचवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इतका मोठा माणूस येतो म्हणून. तुझ्या हस्ते एका दगडावरचा पडदा दूर व्हायचा आहे. त्यावर कोरलं आहे, ‘गुणाजी परब, या बागेचा माळी. पंप त्याने चोरला नव्हता.’ खाली पंपाचा नंबर. पडदा ओढलास की तुला बोलायला उभं करतील, आणि लोक विचारतील की मग साक्ष कुणी दिली होती. ते तू सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर बाळ सांगेल, तो तयार आहे. आणि आलाच नाहीस तर तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून हे पत्र मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन, बगळ्यासकट. याची नक्कल मी ठेवली आहे. तुला अचानक गाठता आलं असतं. पण मला तुझे हे दहा दिवस हवे आहेत. दहा दिवस तू जेवायला बसावंस आणि घास फिरावा. माझी आई पहिल्या रांगेत असेल. तिला फारसं दिसत नाही आता, म्हणून तिची खुर्ची अगदी पुढे ठेवायला सांगितली आहे. मी तिला विचारलं, तुला त्याला काही म्हणायचंय का? ती म्हणाली, “माका कायएक म्हणूचा नाय. तो बोलताना माका त्येचा तोंड बघूचा आसा.”

कार्यक्रम सकाळी नऊला आहे. वेळेवर ये.

एके काळी तुझीच व्हायला निघालेली,
गुणाजी माळ्याची रत्नप्रभा