तुझ्या नावाने दिलेला होकार

प्रिय वहिनी,

सोमवारी बाल कल्याण समितीसमोर काजलचा निर्णय आहे. ती माझ्याकडे राहणार की दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत जाणार, ते त्या दिवशी ठरेल. माझं म्हणणं लेखी आणायला सांगितलंय. सकाळपासून तीन कागद फाडले. ‘महोदय’ लिहिते आणि पुढे हात चालत नाही. मग म्हटलं, आधी तुलाच सांगावं. तुला सांगितल्याशिवाय मला आजवर कधी काही सुचलंय?

काजल आत झोपलीय. कावीळ उतरतेय असं डॉक्टर म्हणाले, पण डोळे अजून पिवळट आहेत. आणि वहिनी, ती बूट घालून झोपलीय.

आठवतं ना तुला? चार वर्षांपूर्वी संस्थेतून आपल्याकडे सांभाळायला आली तेव्हा सहा वर्षांची होती. पहिले दोन महिने पायांतले बूट काढायचीच नाही, झोपतानासुद्धा. कधी कोण येऊन उचलून नेईल, काय नेम? मी चादरी मळतात म्हणून कुरकुरले, तर तू म्हणालीस, “राहू दे गं. घर वाटेल तेव्हा काढेल.” एका दुपारी तिने ते आपणहून काढून तुझ्या चपलांशेजारी ठेवले. तू पाहिलंस, आत गेलीस आणि शिरा केलास.

पंधरा दिवसांपूर्वी झोपताना पुन्हा बूट पायांत आले. ते माझ्यामुळे आले.

आता ते सांगते, जे तुझ्या फोटोसमोर उभं राहूनही मला सांगता आलं नाही.

आपल्या नळाचं पाणी तुला ठाऊकच आहे. एक दिवसाआड येतं, आणि आलं की पहिल्या दोन बादल्या गटाराच्या वासाच्या. तू हेल्पलाइनवर तक्रार केलीस, तिचा नंबर फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवलास. तक्रारदार स्वतः ‘संतुष्ट’ म्हणेपर्यंत ती बंद होत नाही, म्हणून वॉर्ड ऑफिसातून फोन यायचे, मॅडम, बंद करवा दीजिए. तुझं उत्तर मला पाठ झालं होतं: “जिस दिन पानी साफ आएगा, उस दिन संतुष्ट हो जाऊंगी।” मी शेजारी भाजी निवडत असायची आणि मलाच लाज वाटायची. इतकं तोडून कशाला बोलायचं, असं मनात यायचं माझ्या.

मग तू गेलीस. चहा गाळता गाळता खाली बसलीस आणि संपलंच सगळं. तिसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातले पाणीखात्याचे ते इंजिनियर भेटायला आले. हात जोडून बसले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. घरात पाहुणे, आणि नळाला तर हे असलं पाणी. त्यांनी न मागता टँकर पाठवला. तेराव्यापर्यंत रोज येत होता. मी किती मिंधी झाले, काय सांगू! त्या पहिल्या दिवशी जाताना दारात हळूच म्हणाले की एक फोन येईल, फक्त हो म्हणा, माझ्यावर वरून फार दबाव आहे.

अकराव्या दिवशी फोन आला, तुझ्या मोबाईलवर. गुरुजी बसले होते, काजल दर्भ गोळा करत होती. पलीकडून एक मुलगी विचारत होती, “शिकायतकर्ता विजया जी बोल रही हैं?”

मी म्हणाले, “जी।”

“आपकी शिकायत का समाधान हो गया? आप संतुष्ट हैं?”

“जी, संतुष्ट हूं।”

एवढंच. मी म्हणजे तू झाले आणि तुला समाधानी करून टाकलं. जिवंतपणी ज्यांना तुझ्याकडून तो शब्द मिळाला नाही, त्यांना तो मी तुझ्या पिंडदानाच्या दिवशी फुकट दिला. फोन ठेवल्यावर वाटलं, चला, एक कटकट मिटली. खोटं कशाला बोलू, हलकंच वाटलं होतं मला.

चौदाव्या दिवसापासून टँकर बंद. नळ होता तसाच. मी पाणी उकळत होते गं, रोज उकळत होते. पण ती दात घासून चूळ त्याच नळाची भरते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू असतीस तर मोरीत उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवला असतास. ठेवायचीसच की! तो कशासाठी असतो, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

काजल पिवळी पडली, आणि त्याच आठवड्यात बाल संरक्षणवाल्या मॅडम घरभेटीला आल्या. वाईट नाहीत त्या. तिच्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मी सांगितलं, दोष पाण्याचा आहे, आमच्या वहिनींनी रीतसर तक्रार केलेली आहे. मोठ्या तोऱ्यात फडताळाचं दार उघडून तुझा नंबर दाखवला. त्यांनी तो मोबाईलवर टाकून पाहिला आणि म्हणाल्या, “ये तो बंद हो चुकी है। शिकायतकर्ता ने खुद संतुष्ट लिखवाया है।”

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्यांनी अहवालात लिहिलं की पाण्याची समस्या सुटलेली आहे, सबब आजाराचं कारण घरातली हयगय. काजल दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी बघते तर पायात बूट.

मग मी वॉर्ड ऑफिसला गेले. एकटी! तुला पटणार नाही, पण गेले. इंजिनियर साहेबांनी ओळख दाखवली, चहा मागवला आणि म्हणाले की बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडायचं तर तक्रारदाराला स्वतः यावं लागेल, तसा नियमच आहे. तुझ्या मृत्यूचा दाखला मला त्याच खोलीत मिळाला होता, त्यांच्यापासून तिसऱ्या टेबलावर. नगरसेवकांकडे गेले, त्यांनी बघतो म्हटलं. मूल घरी आणलं तेव्हा फोटो काढायला सहा जण आले होते, वहिनी. आज मी कोणाला विचारू, कोण उत्तर देणार, हे सांगायला एक माणूस नाही.

आणि तुझ्यावरही राग आहे माझा. काजलला सांभाळायचा समितीचा आदेश एकटीच्या नावावर का घेतलास? माझं नाव घाल म्हटलं, तर म्हणालीस, तुला कशाला त्रास. बँकेत तू, शाळेत तू, गॅसवाल्याशी भांडायला तू. मी तुझ्या मागे पिशवी धरून उभी. दादा गेल्यावर मला सांभाळलंस, कबूल आहे, पण इतकं का सांभाळलंस की माझा आवाजच उरला नाही? आता कागदावर मी काजलची कोणी नाही. एका समाधानी बाईची निष्काळजी नणंद, बस.

काल नई सडकेवर झेरॉक्स काढायला गेले. तुझा दाखला आणि त्या बंद झालेल्या तक्रारीचा छापील कागद, दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी पडले होते. दुकानदार सहज वाचत होता. थांबला आणि मला विचारलं, “माताजी, ये तारीख तो बाद की है। ये कैसे बोलीं?”

इतक्या लोकांनी हे कागद हाताळले, वहिनी. विचारलं ते झेरॉक्सवाल्याने.

हे दोन कागद समितीपुढे ठेवले तर पाण्याची गोष्ट खरी ठरते. पण मग ‘ये कैसे बोलीं’ हेही सांगावं लागेल. जी बाई मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं बोलते, तिच्या हाती मूल कोण देईल? आणि गप्प बसले तरी ती जाणारच. मला कुठूनही वाट दिसत नाही. तू काय केलं असतंस? सांग ना काहीतरी!

मघाशी पेज भरवताना काजलने विचारलं, “आत्या, तिथे तू बोलशील ना? काकू बोलायची तशी?”

मी म्हणाले, मला तसं नाही येत गं.

ती म्हणाली, “मग तुला जसं येतं तसं बोल. पण चुप नको बसू.”

म्हणून वचन देते, वहिनी. ती माझ्याकडे राहील असं वचन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण सोमवारी ते दोन्ही कागद ठेवीन आणि म्हणेन, विजया या दिवशी वारली, आणि या दिवशी जी समाधानी झाली ती मी. खोटं मी बोलले, पाणी मात्र खरंच घाण आहे, या आणि पिऊन बघा.

आज दुपारीच मी हेल्पलाइनवर नवी तक्रार केली. नंबर तुझ्या नंबराखाली लिहिलाय. पलीकडच्या मुलीने शिकायतकर्ता का नाम विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात सवयीने तुझंच नाव आलं होतं. गिळलं, आणि माझं सांगितलं.

तुझी नणंद,
कुंदा