सोमवारची रेघ

सोमवार, ३ जून

पुन्हा तेच! रेघ बसकीच.

पेशंट यायच्या आधी दर सोमवारी यंत्र स्वतःवरच तपासते. नऊ वर्षांचा शिरस्ता. वीस मिनिटं अंधारात बसायचं, खालच्या पापणीला तारा चिकटवायच्या, मग दिवा चमकतो आणि डोळ्यातली वीज पडद्यावर रेघ काढते. मंद दिव्याची रेघ झकास आली. ती दंडपेशींची, अंधारात बघणाऱ्यांची. पण भराभर लुकलुकणाऱ्या दिव्याची, म्हणजे शंकूपेशींची, जानेवारीपासून खालीखालीच चाललीय. आज निम्मी! दिवा गेला असणार. मग पाच महिन्यांत मी दिलेल्या रिपोर्टांचं काय? कुणाला उगाच घाबरवलं असेल तर? जेवण गेलं नाही.

मंगळवार, ४ जून

डॉक्टर मॅडमना विचारलं, लुकलुकता दिवा शंकूपेशींनाच का झेपतो? चहा राहिला बाजूला, कागदावर चित्रं काढत बसल्या. अंधारात पेशीची दारं उघडी असतात. कॅल्शियम आत येत राहतं, पंप ते बाहेर फेकत राहतो. उजेड पडला की दारं बंद — पंप मात्र चालूच! म्हणून आतलं कॅल्शियम घटतं. आणि ते घटणं हीच पेशीला खूण: चला, दारं उघडायच्या तयारीला लागा, पुढचा उजेड येतोय. शंकूपेशी हे सगळं झटपट उरकतात. दंडपेशींचा कारभार निवांत.

मला वाटायचं, उजेडाने आत काहीतरी वाढत असेल. इथे तर कमी होतं! नऊ वर्षं रेघा काढतेय आणि हे ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, ७ जून

बाबा आले, नेहमीसारखे अंधारून आल्यावर. दुपारी बोलावलं तर छप्पन्न सबबी. "आजोबा घुबड आहेत!" लेक म्हणाली. ते खो खो हसले. मग तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. एक मोजा हिरवा, एक करडा. "आई, तू पण ना!"

घाईत होते, दुसरं काय.

सोमवार, १० जून

नवा दिवा, नव्या तारा. रेघ तश्शीच! मेकॅनिक दोन तास खपला. हात पुसत म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे, ताई. नाचता येईना, अंगण वाकडं!" असा राग आला. त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बुधवार, १२ जून

मॅडमकडून आणखी एक! कॅल्शियम किती आहे हे ओळखणारं एक प्रथिन असतं पेशीत. काही घराण्यांत तेच बिघडलेलं असतं. कॅल्शियम भरपूर असलं तरी त्याला कमीच वाटतं. मग दारं उघडायचं काम थांबतच नाही, आत कॅल्शियम साचत जातं, शंकूपेशी एकेक करून मरतात. ऊन सोसत नाही, रंग फिके पडतात, संध्याकाळी मात्र बरं दिसतं. आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. केवढंसं ते प्रथिन! किती वेळ त्याचाच विचार करत बसले.

असे पेशंट आपल्याकडे येतात का, ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, १३ जून

मेकॅनिकचं बोलणं डोक्यातून जात नाही.

शुक्रवार, १४ जून

केसपेपरवालीला खुर्चीत बसवलं. "शॉक नाही ना बसणार?" शंभरदा विचारलं तिने. तिची रेघ उंच आली. दोनदा घेतली, दोन्हीदा उंच. यंत्र ठीक होतं. रिपोर्ट सगळे बरोबर होते — माझेसुद्धा.

उद्या लेकीला आणायचं.

भर दुपारी बाबांना फोन लावला. विचारलं, "आत्ता खिडकीबाहेर कसं दिसतंय तुम्हाला?"

"सगळ्यांना दिसतं तसंच की," म्हणाले. "पांढरं."