सैल वेणी

अक्रा, मदिना
जानेवारीतला शुक्रवार, नमाजानंतर

लाडक्या सनातूताईस,

नापारीचा सलाम. आईला सलाम, इद्दीकाकांना सलाम, वुनपिनीच्या गालाला एक चिमटा आणि तान्ह्याची एक पापी. मी ठीक आहे. खोकला आहे, पण तो तुमच्याकडचाच. उत्तरेचा धुळीचा वारा यंदा इथवर आलाय. ओठांवरून जीभ फिरवली की आपल्या गावची, येंदीची चव लागते.

तू म्हणशील, फोन असताना हा गडी कागद का खरडतोय. अगं, तुझा फोन अंगणात मोठ्या आवाजात लागतो. मी 'कशी आहेस' विचारलं की उत्तर आई देते, काका खाकरतात, आणि कुंपणापलीकडून अझारा विचारते, लग्न कधी करतोस. म्हणून पत्र. बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय, सोबत एक पिशवी आहे. अक्षराला हसू नकोस. ते तूच शिकवलंस.

गॅरेजचं बरं चाललंय. गाड्या येतात, गाड्या जातात.

काल कानेशीच्या बाजारात मेमुना भेटली, मावशीची. डोक्यावर कुणा व्यापारणीच्या कंदांची पाटी, पाठीला पोर. मला बघून हसली आणि म्हणाली, "तुझी ताई कधी येतेय आमच्यात? खोलीत चटईपुरती जागा धरून ठेवलीय."

मी म्हटलं, "ती कशाला येईल?"

"कशाला म्हणजे? पाटी उचलायला. तिच्या बाकावर वेण्या घालून घ्यायला आता बसतंय कोण? अझाराने सगळ्या गल्लीत सांगितलंय, जिचं स्वतःचं कपाळ टाळूला भिडलं, ती आपल्या पोरींचे केस काय राखणार!"

मग पाटी उतरवून तिने चुंबळ काढली आणि डोकं माझ्यापुढे वाकवलं. टाळूवर बरोबर चुंबळीच्या आकाराचं टक्कल, गुळगुळीत. "हे बघ," म्हणाली, "तिला सांग, आमच्यात आलीस की कपाळाची काळजीच मिटते. वरून पण जातात."

ती हसली. मला काही हसता आलं नाही.

ताई, तू येऊ नकोस. पोरांना आईकडे टाकून दुसऱ्याचे कंद वाहायला तू येऊ नकोस. तुझा तो कडुनिंबाखालचा बाक, ते लाकडी कंगवे, ते काही पाटीसाठी सोडून द्यायचे नाहीत. आधी मला नीट सांग, काय झालंय. लाजू नकोस. केस कुठून गेले? दोन्ही कानशिलांवरून आणि कपाळाच्या कडेने, की मध्येच गोल चाई पडलीय? खाज येते का, खपल्या धरतात का? खाज-खपल्या असतील तर ते गजकर्ण, त्याला दवाखान्यातलं औषध लागतं, आणि तुझा कंगवा दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लागता कामा नये. गोल चाई असेल तरी दवाखानाच, आणि कुणी तुझ्यावर करणी केली म्हटलं तर ऐकू नकोस. आणि उन्हात आरसा धरून बघ, गेलेल्या जागी बारीक लव दिसते का, छिद्रं दिसतात का, की कातडी टोमॅटोसारखी चमकते? हे नीट बघ. सगळं त्याच्यावर आहे.

मला हे कसं ठाऊक, ते विचारू नकोस. गॅरेजात बायका येतात, बोलतात, कानावर पडतं.

पिशवीत मोठ्या दातांचा कंगवा आहे आणि झोपताना डोक्याला गुंडाळायला एक रेशमी फडकं. केस उगवायच्या तेलाची बाटली मुद्दाम पाठवली नाही. इथे ती फार महाग मिळते, वर सोनेरी चिठ्ठी. मी एकीचं झाकण उघडून हुंगलं, तर आत आईचं अंगण! आपल्याच शियाच्या झाडाच्या बियांचं, आई काढते तेच लोणी, थोडा सुवास घातलेला.

उत्तर आवाजात पाठव. पण अंगणातून नको.

तुझा
नापारी


अक्रा
फेब्रुवारी, सोमवार, दुकान बंद असताना

ताई,

तुझा निरोप ऐकला. परसात कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहून बोललीस ना? मधेमधे कोंबडी पण मत देत होती. "नापारी, तुमच्या गॅरेजात गाड्यांच्या टपावर लव उगवते का रे?" हे ऐकून मी एवढ्यांदा हसलो की सगळ्यांनी वळून बघितलं.

बरं. खाज नाही, चाई नाही, दोन्ही कानशिलं आणि कपाळाची कड. अझाराच्या बहिणीच्या लग्नातल्या घट्ट वेण्यांपासून सुरू झालं. मग ते झाकायला तू आणखी मागून केस ओढून आणलेस, त्यात गंगावन जोडलंस, जास्तच घट्ट घातलंस, आणि ईदला तर डिंक लावून टोप चिकटवलास. ताई, इथेही सगळ्या हेच करतात. ज्याने केस जातात त्यानेच झाकतात. वेण्या घालून झाल्यावर डोकं दुखलं नाही तर बायका भांडतात, "हे काय, काहीच दुखत नाही, उसव आणि परत घाल." भुवया वर ओढल्या गेल्या पाहिजेत, कपाळावर पुटकुळ्या आल्या पाहिजेत, घरी जाऊन गोळी घेतली पाहिजे, तेव्हा समाधान. त्या पुटकुळ्या म्हणजे मूळ उपटून येतंय, त्याची हाक. ती कुणी ऐकत नाही.

वुनपिनीने काढलेला फोटो मिळाला. अर्ध्या फोटोत तिचं बोट आहे, पण उरलेल्या अर्ध्यात काम झालं. सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या विभागात एफ्या नावाची नर्स आहे, ती आमच्याकडे नेहमी येते. तिला दाखवला. तिने तो मोठा करून बघितला, मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवला. डावीकडे लव आहे, छिद्रं आहेत. ओढणं थांबवलं तर तिथले परत येतील, पण महिने जातील, आठवडे नाही. उजवीकडे कानावरचा तो चकचकीत तुकडा आहे ना, तो बहुतेक भरणार नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिलं. आणि अंघोळीला मूठमूठ केस गळतात ते वेगळंच प्रकरण, ते बाळंतपणाचं. ते आपोआप थांबतं. पण अंगात रक्त कमी असेल तर थांबत नाही, म्हणून तान्ह्याची लस घ्यायला जाशील तेव्हा रक्त तपासून घे आणि गोळ्या देतील त्या खा. घुगऱ्या खा, पालेभाजी खा. सगळ्यांचं झाल्यावर खरवडून उरलेलं नको. सगळ्यांबरोबर खा.

आता तू विचारलंस ते. टपावरच्या लवीचं.

मी गॅरेजात नाही, ताई. होतो, पण रंगाच्या फवाऱ्याने छाती भरली, सोडलं. त्याआधी पाण्याच्या पिशव्या विकल्या, बसच्या दाराला लटकून गावांची नावं ओरडलो, वाळू चाळली. कुठे पाय टिकला नाही, तुला माझे पाय माहीतच आहेत. मग एकदा इथे मॅडम कोर्कोईंच्या वेण्यांच्या दुकानात पंखा दुरुस्त करायला गेलो. लग्नाची गर्दी, कामाची मुलगी आजारी, मॅडमचा आरडाओरडा. मी शिडीवरून बघत होतो आणि बोटं शिवशिवायला लागली. म्हटलं, "मी घालू का?"

सगळं दुकान हसलं. मॅडम म्हणाल्या, "घाल बाबा. बिघडवलीस तर पंख्याचे पैसे विसर."

पंखा अजून तसाच आहे. मी मात्र तिथेच आहे. बायकांच्या वेण्या घालतो. एका डोक्यामागे अख्खी दुपार उभा राहतो आणि पाय कुरकुरत नाहीत. मलाच नवल वाटतं.

आठवतं, तुझ्या बाकाशेजारी बसून मी काळा दोरा धरायचो? काकांनी तो हातातून हिसकावला आणि मला ट्रकच्या अड्ड्यावर नेऊन सोडलं. "पोराच्या हातात पाना शोभतो." तो पाना माझ्या हातात काही बसला नाही. इथे नवीन बाई आली की विचारते, हा काय करणार? मी सांगतो, मला बहिणीने शिकवलंय. ते खरं आहे.

तर मोठ्या बहिणीला धाकट्याने सांगायचं म्हणजे जीभ अडखळते, पण ऐक. गंगावन उसव, डिंकाला हात लावू नकोस, टोप अझाराला देऊन टाक. गरम इस्त्री, सरळ करायचं औषध, काही नको. ओल्या केसांनाच मोठा कंगवा, टोकाकडून वर. आईचं लोणी बोटांवर घेऊन हलक्या हाताने लाव. त्याने केस उगवत नाहीत, कातडी मऊ राहते एवढंच. उगवायचं काम मूळ स्वतः करतं, आपण फक्त ओढायचं नाही. कुणी मिरची चोळ म्हणेल, रॉकेल चोळ म्हणेल, हाकलून दे. मोजके जाड पेड घाल, सैल, आणि कपाळावरची बारीक लव बाहेरच राहू दे.

आणि बाकावर बस. गिऱ्हाईक असो नसो, बस. कडुनिंबाखाली सगळ्या बायकाच असतात, तिथे डोकं उघडं ठेव. बघू देत.

हे पत्र काकांना वाचून दाखवायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. मला भीती वाटते. पण मेमुनाला मी सांगून आलोय, ती चटईची जागा दुसऱ्या कुणाला दे.

तुझा
नापारी


अक्रा
ऑगस्टचा शेवट, बाहेर पाऊस, गिऱ्हाईक नाही

ताई, अगं ताई,

तुझा निरोप मी आधी एकट्याने ऐकला, मग दुकानात सगळ्यांना ऐकवला. आपली भाषा इथे कुणाला येत नाही, म्हणून एकेक वाक्य थांबवून सांगत गेलो. मॅडम कोर्कोईंना तर अझाराचा आवाज काढून दाखवला. पुन्हा करून दाखव म्हणाल्या.

ती कुंपण ओलांडून आली, पोरीला बाकावर दाबून बसवलं आणि म्हणाली, "घट्ट घाल. दांबाच्या सणापर्यंत हलता कामा नये."

तू म्हणालीस, "मागे हवी तशी घालते. कपाळाची लव मी ओढणार नाही."

"आली मोठी! स्वतःची राखता आली नाही आणि माझ्या पोरीला शहाणपण?"

आणि तू फडकं काढलंस. "राखता आली नाही, खरंय. ही डावी बाजू बघ. परत येतेय. हात लावून बघ."

तिने खरंच हात लावला? अझाराने?

"आणि ही उजवी?"

"ही नाही येणार. म्हणून तर तुझ्या पोरीची ओढत नाही."

ताई, इथे मॅडमनी हातपंख्याने वारा घेणं थांबवलं. तो चकचकीत तुकडा मी तुला घाबरत घाबरत लिहिला होता. वाटलं होतं, हे वाचून तू पत्र फेकून देशील आणि पहिल्या बसने पाटी उचलायला येशील. आणि तू तोच अझारापुढे उघडा करून ठेवलास.

"बरं, घाल मग सैल," असं म्हणून ती दगडावर बसली. "पण सुटली तर फुकट परत घालायची." असं म्हणणारच ती! पण पोर रडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी अझाराची भावजय आपल्या दोन मुलींना घेऊन आली. रात्री डोकं दुखलं नाही म्हणून पोरीने गल्लीभर सांगितलं म्हणे. अझाराचा गल्लीत बोलायचा गुण पोरीत उतरलाय, या वेळी आपल्या कामाला आला.

इकडे यायला तू बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलंस, त्यातली मोठी ओढणी पोरांखाली अंथरलीस, हे मी दोनदा ऐकलं. मेमुनालाही ऐकवलं. तिने डोक्यावरची चुंबळ काढून चाचपली. मग म्हणाली, कपड्याची चुंबळ जाड केली आणि मधूनमधून पाटी डोक्यावरून काढून ढकलगाडीवर घेतली तर माझेही येतील का? मी तिला उन्हात नेऊन बघितलं. कडेला लव आहे.

आता शेवटचं. ते तू निरोपाच्या अगदी शेवटी, कोंबड्या हाकलता हाकलता सांगितलंस. काकांनी पत्र ऐकलं. मग मागच्या खोलीतलं मोडकं स्टूल बाहेर काढलं, पायाला खिळे मारले, तुझ्या बाकाशेजारी नेऊन ठेवलं आणि तुझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला किती उंच लागतं?"

दांबाच्या आधीच्या बसचं तिकीट काढलंय. सणाआधी गर्दी होईल, तुला एकटीला उरकणार नाही.

काकांना सांग, उंच नको. बसणारीचं डोकं माझ्या छातीशी आलं पाहिजे.

तुझा भाऊ,
वेण्या घालणारा
नापारी