रुख्मा याच घरात राहील

मी, भागीरथा ईश्वरदास टेंभुर्णे, वय अडुसष्ट, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार नागरा, तालुका व जिल्हा गोंदिया, पूर्ण शुद्धीवर आणि बऱ्यापैकी वैतागलेली असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा अश्विन याने आणून पाहिला, त्याचा उपयोग झाला नाही.

१. नागऱ्यातील घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते अश्विनला मिळेल. मात्र मागच्या दोन खोल्या, न्हाणी आणि विहिरीचा वापर रुख्माकडे ती जिवंत असेपर्यंत राहील. तिला कोणी काढू नये, गोड बोलून वृद्धाश्रमातही पोहोचवू नये.

रुख्मा कोण, हे गावाला माहीत आहे. कागदालाही माहीत असावे. अश्विन पाळण्यात असताना माझ्या पतीने भिक्खू होऊन चीवर घेतले. जाताना म्हणाले, "तृष्णा हेच दुःखाचं मूळ आहे, भागीरथा." त्यांची तृष्णा सुटली, तान्हे मूल, शाळा आणि आजारी सासू माझ्याकडे राहिली. ते गावोगाव मैत्री-करुणेवर बोलत आणि किती सुंदर बोलतात हे लोक मला घरी येऊन सांगत. पुढे त्यांनी चीवर उतरवले आणि सालेकशाकडे रुख्मा नावाच्या विधवेसोबत संसार मांडला. हे मात्र सांगायला कोणी आले नाही.

२००१ साली त्यांचे अर्धे अंग लुळे पडले. त्यांना ऑटोत घालून ती माझ्या दारात आली.

"काऊन आनलंस याले इथं?" मी ओरडले.

"बाई, एकटीनं उचलत नाही मले. मारायचं त मंग मारा, पहिले यायले खाली उतरवा."

मी पायाकडून धरले. खाटेवर टाकल्यावर ती जायला निघाली. म्हटले, "आता कुठं चालली? यायची कूस कोन बदलवन?"

ती राहिली. पाच वर्षे आम्ही दोघींनी त्यांना धुतले, वळवले, भरवले. एकदा जड जिभेने त्यांनी मला विचारले, "हे तू प्रेमानं करतेस का करुणेनं?"

"पेज गार होऊन राहिली. पहिले गिळा."

रुख्मा पदर तोंडाला लावून हसली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून स्वतःचा आला.

ते गेल्यावर अश्विन म्हणाला, "आता त्या बाईचं इथं काय काम?" तीन वर्षे हेच ऐकते आहे. बाबांच्या धम्मज्ञानाचा अभिमान मिरवणाऱ्या मुलाला एवढे कळू नये, म्हणून हा कागद.

२. पतीच्या अनुयायांना पुढच्या खोलीत त्यांचे स्मारक हवे आहे. होणार नाही. पुस्तके विहाराला द्यावीत, खोलीत धान ठेवावे.

३. शिलाई मशीन आणि बँकेतील शिल्लक नात साक्षीला, शिकण्यासाठी. लग्नासाठी नाही.

४. माझ्या अंत्यविधीत त्रिसरण-पंचशील व्हावे. करुणेवर भाषण कोणी करू नये. केल्यास या कागदाचे साक्षीदार यादोराव यांनी माईक बंद करावा.

५. रुख्मा वरणात मीठ जास्त टाकते, रेडिओ मोठ्याने लावते आणि माझी चादर न विचारता घेते. माझे तिच्यावर प्रेम आहे, असा अर्थ या लेखातून कोणी काढू नये.

एवढे लिहून वकीलसाहेबांना वाचायला दिले. ते म्हणाले, "बाई, रुख्मा यांचं तुमच्याशी नातं लिहायचं राहिलं."

दारातून रुख्मा म्हणाली, "कामवाली लिवा, साहेब. पोराचं डोस्कं नको फिरायले."

"कामवाली म्हने! धाकटी बहीण लिहिते, साहेब. आणि तू तिथं रडून नको राहू, लोक पाहून राहिले."

तरी कलम १ मध्ये 'रुख्मा' याचा अर्थ 'माझी धाकटी बहीण रुख्मा' असा वाचावा.

नागरा, दि. २२ नोव्हेंबर २००९
सही: भागीरथा ईश्वरदास टेंभुर्णे

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही.
साक्षीदार:
१. यादोराव कवडू मेश्राम
२. प्रेमिला छोटेलाल रहांगडाले