एकोणतीस दोषांचं घर

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (विशेषतः डावा. उजव्याबद्दल तू कधी तक्रार करत नाहीस, त्यामुळे त्याची चौकशी नेहमी राहून जाते.) आम्ही खुशाल आहोत. तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं घर आता एकटीला झेपत नाही, भिंतींना भेगा पडल्यात, म्हणून ते विकून कुठेतरी एका खोलीत राहायचं म्हणतेस. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी आमची हकिकत ऐक.

आमच्या घरमालकांना जागा त्यांच्या मुलीसाठी हवी आहे, हे तुला ठाऊक आहेच. महिनाअखेर निघायचंय. शोधता शोधता एका निवृत्त चित्रकलेच्या मास्तरांचं घर आम्हाला पसंत पडलं. दोन मजले, मागे थोडी मोकळी जागा, जिन्याला लाकडी कठडा. मास्तरांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, पण बायको गेल्यापासून त्यांचं मन त्यावरून उडालं होतं. तुझ्या भाचेसुनेला ते इतकं आवडलं की पडदे कोणत्या रंगाचे हे तिने उंबऱ्यातच ठरवून टाकलं. मला मात्र ताकीद होती की मास्तरांसमोर कशाचंही कौतुक करायचं नाही, भाव वाढतो. शिवाय घेण्याआधी रीतसर तपासणी करून घ्यायची. तू म्हणशील, घर काय डॉक्टरला दाखवायची वस्तू आहे? मीही तेच म्हणालो होतो. पण आत्या, तपासनीसबाईंना काम करताना पाहिलं आणि मी माझे शब्द मुकाट्याने मागे घेतले.

बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेल्या (तसले तुलाही आणावेत असं मनात आलं). पिशवीत टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, एक काठी आणि एक काचेची गोटी. गोटी त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली. तिने क्षणभर विचार केला आणि ती हळूच खिडकीकडे निघाली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग काठीने एकेक फरशी वाजवत गेल्या, पोकळ आवाज आला की मान तिरकी करून थांबायच्या. घरातले सगळे नळ एकदम सोडले. वरच्या न्हाणीघरात पाणी तुंबवलं आणि खालच्या खोलीत येऊन छताकडे बघत अर्धा तास स्वस्थ बसल्या. (मीही बसलो. मला फक्त मान अवघडल्याचं कळलं.) घराचं कौतुक करायला बंदी होती, म्हणून साठलेलं सगळं कौतुक मी बाईंवर खर्च केलं. पुढे बाई, मागे मी, माझ्या मागे मास्तर आणि सगळ्यात मागे तुझी भाचेसून, अशी वरात तीन तास घरभर फिरत होती. कपाटामागची ओल त्यांनी कपाट न हलवता, नुसत्या वासावरून सांगितली. मी त्या खोलीत दोनदा चहा पिऊन आलो होतो, आणि मला वास आला होता तो चहाचा.

शेवटी पायरीवर बसून बाईंनी एकोणतीस दोष वाचून दाखवले. गंजलेली पन्हळ, सैल बिजागऱ्या, ओल, तुंबलेला पाईप. मास्तरांचा चेहरा उतरत गेला आणि आमचा खुलत गेला (खोटं कशाला सांगू). मग बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पाया पक्का आहे, छत पक्कं आहे. बांधणाऱ्याने जीव ओतलाय. घराला काही झालेलं नाही. बरीच वर्षं कोणी लक्ष दिलेलं नाही, एवढंच." मास्तर नुसते चष्मा पुसत राहिले.

आता माझी अक्कल बघ. मास्तरांनी एकही दोष विसरू नये म्हणून अहवालाची एक प्रत मी स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिली. पंधरा दिवसांनी भाव ठरवायला गेलो, तर मास्तर शिडीवर. पन्हळ नवी, बिजागऱ्या घट्ट, कपाट हलवून भिंत खरवडलेली, आणि अहवालातले सत्तावीस दोष लाल पेन्सिलीने खोडलेले. ते खाली उतरले आणि म्हणाले, "राग मानू नका, पण घर आता विकत नाही. मला वाटत होतं, तिच्यामागे घरही संपलं. ते तर ठणठणीत निघालं."

परतताना घराजवळ आल्यावर तुझी भाचेसून म्हणाली, बाईंनी थोडं कमी खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तिचंही बरोबर आहे. पण मला बाईंचा राग येत नाही. पैसे आमचे घेतले होते, तरी आमच्या बाजूला तसूभर झुकल्या नाहीत. असं माणूस मी तरी फार पाहिलेलं नाही.

बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना जप, दोन्ही.

तुझा लाडका, आणि लवकरच बेघर,
ढब्बू

ता. क. : घर विकण्याबद्दल शेवटी लिहितो म्हणालो होतो, ते राहूनच गेलं. गिऱ्हाइकाला अजून शब्द देऊ नकोस. गुरुवारी मी बाईंना घेऊन तुझ्याकडे येतोय. भेगा त्यांना बघू देत. मला वाटतं, तुझ्या घरालाही काही झालेलं नाही.

ता. क. २ : लक्ष द्यायला माणसं लागतील. आम्ही मुलं धरून चौघं आहोत आणि महिनाअखेरीपासून मोकळे आहोत. मागच्या दोन खोल्या पुरतील. (पडद्यांचा रंग ठरलेला आहे.)

ता. क. ३ : तुझ्या न्हाणीघरातली ती फुटकी फरशी, जिच्यावरून तू आतोबांना ते असेपर्यंत बोलत आलीस, ती मी फोडली. चौथीत होतो, हातोडी हातातून निसटली. बाई दोन मिनिटांत शोधून काढतील, म्हणून आधीच कळवतोय. आतोबांनी पाहिलं होतं. त्यांनी तिच्यावर बादली ठेवली आणि मला खेळायला पिटाळलं.